‘खुद्द’ म्हणजे कोण?

माझ्याकडे माहेरच्या जमिनीचा एक जुना सातबारा आहे. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. जुन्या उताऱ्यात पिकांच्या बाजूला ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना असे. आमच्या उताऱ्यावर त्या रकान्यात वर्षानुवर्षं एकच शब्द आहे: ‘खुद्द’. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन, तोच ती करतो. नाव माझ्या वडिलांचं. आणि माझे वडील त्या सगळ्या वर्षांत डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत तीन पाळ्यांत कामाला जात होते. लावणीला दोन दिवस आणि झोडणीला दोन दिवस रजा घेत, एवढीच त्यांची शेती. बाकीची ‘खुद्द’ माझी आई होती.

मैत्रिणींनो, हा लेख या एका शब्दाबद्दल आहे. तो फक्त तलाठ्याने लिहिला असता तर मी एवढी अस्वस्थ झाले नसते. पण जमिनीवर संशोधन करणाऱ्यांनीही तो तसाच उचलला, आणि त्यात मीही होते.

नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका संस्थेच्या अभ्यासासाठी मी माहिती गोळा करण्याचं काम केलं. विषय होता उत्तर कोकणातली शेती आणि जमिनीचा वापर. आमच्या वाट्याला कल्याण, शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली गावं आली होती. मानववंशशास्त्राची मंडळी होती, चांगली होती, पाड्यावर राहून, भाकरी खाऊन काम करणारी. प्रश्नावलीत पहिला प्रश्न होता ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’, दुसरा ‘जमीन किती’, तिसरा ‘पीक कोणते’. शहापूरकडच्या एका ठाकूरवाडीत मी दुपारची गेले तर पुरुष कोणीच नव्हते. बाया होत्या. मी जमिनीचं विचारलं की त्या हसायच्या आणि म्हणायच्या, घरधनी संध्याकाळी येईल, त्याला विचार. मी थांबायची. संध्याकाळी घरधनी यायचा, मी प्रश्न विचारायची, तो उत्तर देताना मध्येच आत बघायचा आणि बायकोला विचारायचा, “गेल्या साली नाचणी कुठं केली होती आपण?” ती आतून सांगायची. मी त्याचं नाव लिहून त्याखाली तिचं उत्तर लिहायची! त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही, हे आज कबूल करते.

एका रविवारी घरी बसून मी तीच प्रश्नावली माझ्या आईला लावून पाहिली. ती म्हणाली, “मना नको इचारू, तुज्या बापाला इचार.” शेवटच्या पानावर कुटुंबातल्या प्रत्येकाचा व्यवसाय लिहायचा होता. वडिलांपुढे मी लिहिलं ‘नोकरी व शेती’. आईपुढे ‘घरकाम’. मग माझं मलाच हसू आलं, आणि नंतर हसू आलं नाही.

हे ‘घरकाम’ काय होतं ते सांगते. आपल्या ठाणे जिल्ह्यात भात म्हणजे आधी राब. फाल्गुन-चैत्रात रोपाची जागा भाजायची. त्यासाठी शेण थापून वाळवायचं, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या भाऱ्याने आणायच्या, त्यावर गवत, त्यावर मातीचा थर, आणि मग वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचं. भाजलेल्या जमिनीत तण कमी येतं आणि राखेचं खत मिळतं, म्हणून रोप जोमाने येतं. राब पेटवायला घरातला पुरुष असे. पण त्याआधीचे दोन महिने डोक्यावरून भारे कोणी आणले? शेण कोणी भरलं? पावसात रोप खणायचं, मुठी बांधायच्या, चिखलात वाकून लावायचं, मग बेणणी, कापणी, पाखडणं, बियाणं निवडून राखेत घालून कणगीत ठेवणं. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल टाकायचे. परसातल्या भेंडी-काकडीची पाटी डोक्यावर घेऊन डोंबिवली स्टेशनजवळ बसायचं. नांगर तेवढा पुरुषाच्या हातात, कारण बाईने नांगर धरायचा नाही. आणि जमीन कोणाची, तर ज्याच्या हातात नांगर त्याची.

हे फक्त आमच्या घरचं नाही. डेन्मार्कच्या ईस्टर बोसरप या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० मध्ये शेतीतल्या स्त्रियांच्या कामावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की जिथे फिरती शेती आणि कुदळ आहे तिथे शेती बायका करतात, आणि जिथे नांगर आला तिथे शेती ‘पुरुषांची’ झाली. आफ्रिकेत साहेबांचं राज्य आलं तेव्हा बायका कसत असलेली जमीनही अधिकाऱ्यांनी पुरुषांच्या नावावर लिहिली, हेही त्यांनी दाखवलं. बोसरपबाईंच्या मांडणीवर पुढे पुष्कळ टीका झाली, ती योग्यही असेल. पण कागद करणारा माणूस कोणाला प्रश्न विचारतो यावर जमीन कोणाची हे ठरतं, ही त्यांची गोष्ट मला ठाकूरवाडीच्या ओट्यावर बसून अनुभवाने पटलेली आहे.

आपल्या भागात जमिनीचा अभ्यास काही कमी झालेला नाही. कल्याणच्या पुढे चार स्टेशनांवर बदलापूर. तिथल्या ना. गो. चापेकरांनी १९३३ मध्ये आपल्या गावावर ‘बदलापूर’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. एकाच खेड्याचा इतका बारकाईने अभ्यास तेव्हा आपल्या देशात क्वचितच कोणी केला होता. १९४५ मध्ये के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं पुस्तक आलं, १९६० मध्ये ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकरांवरचं. ही पुस्तकं जरूर वाचावीत. त्यांच्यामुळेच आपल्याला आपल्या जिल्ह्याची माहिती आहे. पण अशा अभ्यासांची एक ठरलेली रचना असते, आणि आमच्या प्रश्नावलीचीही तीच होती. लग्न, बाळंतपण, सण, दागिने या प्रकरणांत बाई असतेच असते. जमीन, कर्ज, खंड, मालकी या प्रकरणांत आली की ती ‘कुटुंबा’त विरघळून जाते. वारल्यांची धान्याची देवता कणसरी, ती बाई. लग्नात चौक लिहिणाऱ्या सवाशिणी, लग्न लावणारी धवलेरी, याही बाया. म्हणजे पूजेला आणि चित्राला बाई चालते. उताऱ्याला नाही.

जंगलाचंच पाहा. इंग्रजांच्या जंगलखात्याने राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं घातली तेव्हा इथे केवढा असंतोष झाला! ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारींसाठी सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. इतिहासात हे ‘शेतकऱ्यांची तक्रार’ म्हणून नोंदलं गेलं. पण राबाचा पाला डोक्यावर आणणारी जर बाई असेल, तर बंदीमुळे ज्यांची वाट दुप्पट लांब झाली त्या बायाच असणार ना? त्यांची तक्रार कोणी लिहून घेतली असेल का? भातखाचराला जोडून जी डोंगरउताराची वरकस जमीन असते, जिच्यात नाचणी-वरी होते, राबाचा पाला मिळतो, जळण मिळतं, ती उताऱ्यात हलक्या प्रतीची. तिचा आकार कमी, तिची किंमत कमी. आणि बायांचं निम्मं आयुष्य त्या वरकसावर जातं. ज्या जमिनीवर बाई राबते तिला सरकार ‘वरकस’ म्हणतं, यात मला नेहमीच आपली सगळी कहाणी दिसते.

चळवळीनेही इथे काही वेगळं केलं असं म्हणवत नाही, आणि हे मी चळवळीची मुलगी म्हणून लिहिते. महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद जानेवारी १९४५ मध्ये आपल्या कल्याण तालुक्यात टिटवाळ्याला भरली. तिथून वारल्यांचा उठाव पेटला. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात लग्नगडी पद्धतीबद्दल लिहिलं आहे. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं. कर्ज नवऱ्याच्या नावावर, वेठ मात्र दोघांची! पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये ही मागणी त्या लढ्यात झाली. गवत कापणाऱ्यांत बाया होत्याच, मोर्चांत होत्या, मार खाण्यात होत्या. पुढे १९८६ मध्ये इंद्रा मुन्शी-सलढाणा यांनी उठावातल्या आदिवासी स्त्रियांवर लेख लिहिला आणि डाव्या चळवळीने ‘वर्ग’ पाहिला पण बाई कितपत पाहिली, असा प्रश्न केला. लढ्यानंतर चाळीस वर्षांनी हा प्रश्न विचारला गेला. तोही एका बाईनेच विचारला.

आता माझी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आमचं गाव ‘सत्तावीस गावां’पैकी. ही गावं १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर आली, २०१५ मध्ये पुन्हा आत गेली. या आत-बाहेरात शेती केव्हा गेली ते कळलंसुद्धा नाही. कल्याण-शीळ रस्त्याच्या दोन्ही अंगांना जिथे आम्ही आवणी लावायचो तिथे आज मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. वडील १९९९ मध्ये गेले. वारस म्हणून आईचं, दोन भावांचं आणि आम्हा दोन बहिणींची नावं लागली. २००७ मध्ये जमिनीला गिऱ्हाईक आलं. दादा घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “बाय, एक सही पायजे तुझी.”

मी तेव्हा आमच्या गटातर्फे वस्त्यांमध्ये संपत्तीच्या हक्कावर शिबिरं घेत होते. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत आधी लग्न झालेल्या माझ्यासारख्या मुलींना जागा नव्हती, २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने ती अट काढली, हे सगळं मला पाठ होतं. बायांना मी सांगायची, हक्कसोड पत्रावर सही करू नका. आणि मी सही केली. कोणी दमदाटी केली नाही. निबंधकाच्या कचेरीतून घरी आलो, वहिनीने मटणाचं जेवण केलं होतं, मला आणि ताईला साड्या दिल्या. आईने अंगठा दिला होता. माहेर तुटेल ही भीती होती, भावांच्या मुलांची शिक्षणं होती, आणि खरं सांगायचं तर ‘आपण तिथे काय केलं आहे, केलं ते आईने’ असंही मनात होतं. लाखो रुपयांची जमीन काही रुपयांच्या मुद्रांकावर सुटली.

पण हे माझ्याबद्दल नाही. जमीन गेल्यावर आई नऊ वर्षं जगली. फ्लॅटमध्ये. सकाळी पाचला उठून बसायची. मे महिना आला की राबाची वेळ झाली म्हणायची. एकदा तिने मला विचारलं, “मी आता काय करू?” उत्तर माझ्याकडे नव्हतं. भावांच्या हातात जमिनीचे पैसे आले, पैशाचा हिशोब आला, नवी ओळख आली. तिच्या हातून मात्र तिचा धंदा गेला. आणि त्याची भरपाई मागावी असं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही, कारण तो धंदा होता असं लिहिलेलंच नव्हतं कुठे. मीच तर लिहिलं होतं, ‘घरकाम’.

आमच्या भागात भूमिपुत्रांची आंदोलनं होतात. नेवाळीची जमीन दुसऱ्या महायुद्धात विमानतळासाठी घेतलेली. लोक ती पिढ्यान् पिढ्या कसत राहिले आणि २२ जून २०१७ रोजी तिथे मोठा भडका उडाला. शेतकऱ्यांचं म्हणणं काय होतं? कागद काहीही म्हणो, कसतो आम्ही. मला हे म्हणणं पूर्ण मान्य आहे. पण माझ्या भावाला मी विचारते, दादा, हेच वाक्य आईने म्हटलं असतं तर? कागद काहीही म्हणो, कसते मी! तेव्हा तू मान्य केलं असतंस?

इथे काही मैत्रिणी म्हणतील, आणि आमच्या गटात म्हणाल्याच, की हा युक्तिवाद धोक्याचा आहे. मुलाला जमीन मिळते ती तो राबतो म्हणून नाही, मुलगा आहे म्हणून. मग मुलीने राबल्याचा पुरावा का द्यायचा? बरोबर आहे. मुलीचा हक्क जन्माने आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्याच्या निकालात स्पष्ट केलं. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत असंही नाही. त्या हक्कासाठी चिखलाचे पाय दाखवायची गरज नाही. पण आईचं काय? सुनेचं काय? नवरा हयात असताना बायकोला त्याच्या वडिलोपार्जित जमिनीत स्वतःचा असा हिस्सा नाही. म्हणूनच तर शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ काढून बायकोचं नाव उताऱ्यावर लावा असं पुरुषांना सांगितलं होतं. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शेतजमिनीच्या धारकांमध्ये बाया सुमारे १४ टक्के निघाल्या. शेतावर राबणाऱ्यांत त्या किती आहेत हे कोणत्याही बांधावर उभं राहून मोजा.

आणि जिच्या घराला मुळात जमीनच नाही तिचं काय? आमच्या खाचरात लावणीला कातकरी बाया यायच्या. आई त्यांच्याबरोबरीने वाकायची, पण मजुरी द्यायची वेळ आली की ती मालकीण आणि त्या मजूर. दुपारी त्यांना भाकरी ओट्याखाली वाढली जायची, हे मी पाहिलेलं आहे. जूनमध्ये कल्याण-डोंबिवलीच्या बाजारात आपण शेवळं आणि काकडं घेतो, ती आणणाऱ्या बायांना कोणत्या झाडोऱ्यात काय उगवतं ते पाठ असतं. हाही जमिनीचा वापरच आहे. तो कोणत्याच नमुन्यात नाही. उद्या त्या झाडोऱ्यावर रस्ता आला तर मोबदला कोणाला? आपल्या भगिनीभावाची परीक्षा इथे आहे. फक्त माझ्यासारखीच्या हिश्श्याचा विचार करून ती संपत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: जमिनीचा अभ्यास आता आपण करू या. तो प्राध्यापकांवर सोडून चालणार नाही. प्रत्येक गटाने आपापल्या भागात एक गाव किंवा एक पाडा घ्यावा. आधी प्रत्येकीने आपल्या माहेरचा आणि सासरचा सातबारा काढून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावा. भोगवटादारात कोण, ‘इतर हक्का’त कोणाला ढकललं आहे, ते पाहावं. आमच्या गटात हे केलं तेव्हा अर्ध्या जणींनी आपल्या घरचा उतारा पहिल्यांदा पाहिला. मग वर्षाचं कॅलेंडर करावं, चैत्र ते फाल्गुन, कोणतं काम, कोणी केलं, किती दिवस. प्रश्न बाईलाच विचारावा, आणि पुरुष घरी नसताना. पाणी, जळण, रानभाजी, चारा कुठून येतो त्याचा नकाशा बायांनीच जमिनीवर रांगोळीने काढावा, आपण तो कागदावर उतरवावा.

मुरबाड-शहापूरकडच्या मैत्रिणींनी वनहक्काचे दावे तपासावेत. २००६ च्या कायद्यात नवरा-बायको दोघांच्या नावाने पट्टा द्यायचा असं स्वच्छ लिहिलेलं आहे, एकटी बाई असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. त्या सभेला बसतात की घरी सही आणून घेतली जाते? आणि कोणा मैत्रिणीला हक्कसोडीवर सही मागितली तर तिने ती एकटीने, जेवणाच्या ताटावर, करू नये. गटात यावं. सही न करणं प्रत्येकीला जमेलच असं नाही, मला जमलं नाही. पण निदान आईचं नाव राहू द्या, तिच्या वाट्याचा पैसा तिच्या खात्यात टाका, एवढं तरी आधी बोलता येतं.

आणखी एक. त्या अभ्यासाचा अहवाल इंग्रजीत छापला गेला. ठाकूरवाडीत तो कधीच परत गेला नाही, मीही नेला नाही. ज्या बाईने आतून उत्तरं दिली तिला आपलं उत्तर कोणाच्या नावावर गेलं ते माहीतही नाही. आपण जे लिहू ते आधी त्या बायांना वाचून दाखवू या, त्यांनी खोडलेलं खोडू या.

आमच्या गटाने कल्याणजवळच्या एका गावात सुरुवात केली आहे. पहिल्या दिवशी एका आजींनी आपलं काम सांगायला सुरुवात केली, ती संध्याकाळपर्यंत संपेना. फॉर्मवर नाव काय लिहू, असं विचारलं तर म्हणाल्या, मालकांचं लिही. आम्ही त्यांचं लिहिलं. ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ या रकान्यात. तुम्हीही लिहा, आणि काय सापडलं ते अंकाकडे कळवा.